खुडायची अळंबी वेगळी, खोडावरचा फणसांबा वेगळा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आषाढातले पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाले की हरसूल, पेठ, सुरगाणा, इगतपुरी या बाजूच्या रस्त्यांवर पानात बांधलेली अळंबी विकायला येते. त्याच सुमारास दोन मते हटकून ऐकू येतात. एक म्हणजे रानातली अळंबी वेचण्यावर सरसकट बंदी घाला, नाहीतर ती संपेल. दुसरे म्हणजे रानातली प्रत्येक बुरशी औषधी असते, तेव्हा पाड्यांवरून ती गोळा करून तिची भुकटी बाजारात आणा. दोन्ही मतांमध्ये एकच चूक आहे. 'अळंबी' हा एकच जीव आहे असे दोघेही धरून चालतात.

जमिनीतून वर येणारी आणि दोन दिवसांत कुजून जाणारी मऊ छत्री वेगळी. झाडाच्या खोडावर वर्षानुवर्षे थर चढवत वाढणारा, कोयत्यानेही सहज न तुटणारा फणसांबा वेगळा. पहिली नीट खुडली तर तिचे फारसे बिघडत नाही. दुसरा एकदा काढला की त्या खोडाची दहा-पंधरा वर्षांची वाढ एका फटक्यात गेली. दोघांना एकच नियम लावला तर आदिवासी कुटुंबाच्या ताटातली भाजी जाईल आणि ज्याला खरोखर राखायला हवे ते मात्र दुकानात जात राहील.

आधी वारुळावरची अळंबी घेऊ, कारण सर्वांत जास्त खाल्ली जाते ती हीच. शास्त्रज्ञ तिला टर्मिटोमायसिस म्हणतात. वाळवी वारुळाच्या आत चावलेल्या पाल्याचे आणि लाकडाचे सच्छिद्र, पोळ्यासारखे गोळे रचते आणि त्यांवर ही बुरशी वाढवते. वाळवी शेतकरी आणि बुरशी तिचे पीक, असा हा संसार आहे. पावसाने जमीन खोलवर भिजली की पोळ्यातून लांब मुळासारखा देठ माती फोडत वर येतो आणि छत्री उमलते. हिची व्यापारी शेती आजवर जमलेली नाही, कारण बुरशीबरोबर वाळवीही सांभाळावी लागते. रानातले, बांधावरचे वारूळ हेच तिचे शेत.

आपण खुडतो ती छत्री म्हणजे या बुरशीचे फळ. खरे अंग जमिनीखाली असते. फळ तोडल्याने अंगाला किती इजा होते, याचा सर्वांत लांबचा अभ्यास स्वित्झर्लंडमध्ये झाला. १९७५ ते २००३ अशी २९ वर्षे जंगलाच्या काही तुकड्यांत छत्र्या नियमित खुडल्या आणि शेजारच्या तुकड्यांत हातही लावला नाही. खुडण्यामुळे पुढच्या वर्षांचे पीकही घटले नाही आणि जातींची संख्याही घटली नाही. उपटून काढले की कापून काढले, यानेही फरक पडला नाही. फरक पडला तो माणसांच्या पायांनी: जिथे जमीन तुडवली गेली, तिथे छत्र्या कमी उगवल्या. म्हणून वेचणाऱ्यावर बंदी घालण्याआधी जमीन कोण उकरते, कोण दाबते आणि कोण विष ओतते, हे पाहायला हवे.

वारुळावरच्या अळंबीचे नुकसान तीन गोष्टींनी होते. पहिली कुदळ. देठाचा जमिनीखालचा भागही हाती यावा म्हणून लोक खणतात, पोळे फुटते, पाणी आत शिरते आणि ती जागा मोडते. देठ जमिनीलगत विळ्याने कापला तर वाया जातो फक्त चिवट, मातीने भरलेला भाग. तो भाजीत तसाही टाकूनच द्यावा लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे जमीन सपाट करणारे यंत्र. बाग लावायला किंवा प्लॉट पाडायला बांध आणि वारुळे एका दिवसात जातात, आणि ते नुकसान कोणत्याही वेचणाऱ्याने दहा वर्षांत केलेले नसते. तिसरी, आणि जिवावर बेतणारी, म्हणजे वारुळात ओतलेले क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक. त्याने वाळवी मरते, तिच्याबरोबर पीक मरते, आणि विष ओतल्यानंतरही एखादी छत्री वर आलीच तर ती खाणे धोक्याचे. ज्या शेताच्या वारुळात औषध ओतले आहे त्याच्या मालकाने तसे गावात सांगायला हवे, आणि आपण अनोळखी बांधावरची अळंबी विचारल्याशिवाय घेऊ नये.

आणखी एक गोष्ट वेचणाऱ्यांनी सांभाळायला हवी. या बुरशीच्या बहुतेक जातींत नव्या वारुळाला बुरशी जुन्या वारुळाकडून वारशाने मिळत नाही. पहिल्या पावसात उडालेल्या पंखवाल्या वाळवीने नवे घर केले की तिच्या पहिल्या कामकरी वाळव्या बाहेर पडतात आणि जमिनीवर पडलेले बीजाणू अन्नाबरोबर गोळा करून आणतात. नेमक्या त्याच दिवसांत छत्र्या उमलून बीजाणू गाळत असतात. सगळ्या छत्र्या घुंडीतच खुडल्या तर त्या परिसरातल्या नव्या वारुळांना बी मिळणार नाही. म्हणून एका जागी उगवलेल्यांपैकी निदान तिसरा हिस्सा पूर्ण उमलू द्यावा आणि जागेवरच विरू द्यावा. घुंडी न खुडण्याला दुसरेही कारण आहे. न उमललेल्या घुंडीवरून खाण्याची कोणती आणि विषारी कोणती हे अनुभवी माणसालाही खात्रीने सांगता येत नाही. नागपंचमीला आपल्याकडे वारुळाची पूजा होते आणि त्या दिवशी जमीन खणत नाहीत, नांगरत नाहीत. तो दिवस या अळंबीच्या ऐन हंगामात येतो. ती न खणण्याची रीत अख्ख्या श्रावणात, निदान वारुळापुरती पाळावी, एवढेच म्हणणे आहे.

आता फणसांबा. खरी चिंता इथे आहे.

फणसाच्या जुन्या खोडावर घोड्याच्या खुरासारखा, वरून काळपट भेगाळलेला आणि खालून तपकिरी मखमलीसारखा दिसणारा हा कठीण गड्डा. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात वैद्य तो पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. सहाणेवर पाण्यात उगाळून तो लाळ फार गळत असेल तर हिरड्यांना लावतात, आणि स्तंभक म्हणून जुलाब-अतिसारात देतात. एकोणिसाव्या शतकातल्या भारतीय औषधींच्या नोंदींमध्येही त्याचा उल्लेख आहे. शास्त्रीय दृष्टीने मात्र फणसांबा ही एक जात नाही. फेलिनस या गटातल्या अनेक जाती या एका नावाखाली विकल्या जातात. फणसावरच्याच नव्हे, इतर झाडांवरच्या जातीही त्यात येतात. म्हणजे दुकानात फणसांबा मागितला तर हातात काय पडेल, हे दुकानदारालाही ठाऊक नसते.

त्याची वाढ समजून घेतली की राखण का हवी हे आपोआप कळते. फणसांबा बहुवर्षायू आहे. पावसाळ्यात तो खालच्या बाजूला बारीक छिद्रांचा नवा थर चढवतो, उन्हाळ्यात थांबतो, पुढच्या पावसात पुन्हा थर. गड्डा उभा कापला तर आत हे थर एकावर एक दिसतात आणि ते मोजून वयाचा ढोबळ अंदाज बांधता येतो. एक मूठभर गड्डा म्हणजे अनेक पावसाळे. खुडलेल्या छत्रीच्या जागी पुढच्या वर्षी नवी छत्री येते. काढलेल्या फणसांब्याच्या जागी पुढच्या वर्षी येतो तो बोटाच्या पेराएवढा पातळ ओठ, आणि तोही आला तर.

एक समजूत इथे खोडून काढायला हवी. अळंबे काढले की झाड वाचते, असे अनेक शेतकरी मानतात आणि कोयत्याने ते तोडतात. खोडावर गड्डा दिसतो तेव्हा ती बुरशी आतल्या मेलेल्या लाकडात कित्येक वर्षे पसरलेली असते. बाहेरचा गड्डा तोडल्याने आतले कवकजाल, म्हणजे बुरशीच्या धाग्यांचे जाळे, तसेच राहते. उलट कोयत्याने सालीला जखम होते आणि तिथून दुसरी बुरशी, खोडकिडा आत शिरतो. काढल्याने झाड वाचत नाही, आणि गड्डा तसाच ठेवला म्हणूनही झाड लवकर मरत नाही. मधला गाभा पोखरलेले जुने झाड पुढे बरीच वर्षे पाने-फळे देत उभे राहते, कारण पाणी वाहणारा जिवंत भाग बाहेरच्या कडेला असतो. आणि त्या पोखरलेल्या गाभ्यातच तांबट, पिंगळा, धनेश यांना ढोली मिळतात.

यावर आमचे म्हणणे स्पष्ट आहे. जिवंत, उभ्या झाडावरचा फणसांबा औषधासाठीही काढू नये. वाऱ्याने पडलेल्या किंवा परवानगीने तोडलेल्या झाडावरचा घ्यावा. तो तसाही पुढे फार वाढणार नसतो. वैद्यांची गरज थोडी असते. उगाळून वापरायचे औषध असल्यामुळे एक गड्डा अनेक वर्षे पुरतो, फक्त तो नीट वाळवून कोरड्या डब्यात ठेवावा लागतो. ओला ठेवला तर त्याच्यावर दुसरी बुरशी चढते आणि बारीक भुंगेरे तो आतून पोकळ करतात. गरज इतकी थोडी असल्यामुळेच आजवरच्या वापराने फणसांबा संपला नाही. धोका वैद्याच्या सहाणेपासून नाही. गोणीने माल मागणाऱ्या भुकटीच्या व्यापारापासून आहे.

जंगलातला पडका ओंडकाही याच हिशोबात धरावा. सरपणासाठी काटक्या-फांद्या नेण्याला कोणाची हरकत नसावी. पण फूटभराहून जाड ओंडका जागेवर राहिला तर त्यावर काही वर्षे एकामागून एक निरनिराळ्या बुरशा येतात, त्यातल्या कित्येक औषधी म्हणून अभ्यासल्या गेलेल्या. आंब्याच्या मेलेल्या फांदीवर कुठेही दिसणारी, पंख्यासारखी, पांढरट केसाळ स्किझोफायलम घ्या. तिच्यापासून मिळणारी शर्करा जपानमध्ये कर्करोगाच्या किरणोपचारांबरोबर देण्यासाठी मंजूर झाली होती. 'स्वच्छता' म्हणून जंगलातले पडके लाकूड उचलण्याचे काम हाती घेणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. देवरायांमध्ये काटकीही बाहेर न नेण्याची रीत जिथे टिकली आहे, तिथे खोडावरची बुरशीही टिकली आहे.

तिसरी गोष्ट रेशी या नावाने विकल्या जाणाऱ्या गॅनोडर्माची. लाखेचा हात दिल्यासारखी चकचकीत, तांबडी-तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराची ही बुरशी पावसाळ्यात नाशिक शहरातही गुलमोहर, शिरीष, सुबाभूळ यांच्या बुंध्याशी दिसते. ती दिसली तर आधी औषध नव्हे, ते झाड आठवावे. बुंध्याशी गॅनोडर्मा येणे म्हणजे मुळे कुजत असल्याची खूण आहे. असे झाड रस्त्यावर, शाळेजवळ किंवा रिक्षाथांब्यावर असेल तर महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवावे, कारण वादळी पावसात ते मुळासकट उलटू शकते. आणि ती बुरशी घरी नेऊ नये. बुरशा जमिनीतले आणि हवेतले शिसे, कॅडमियम, पारा यांसारखे जड धातू अंगात साठवतात. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीजवळची किंवा मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेची बुरशी वाळवून भुकटी केली तर धातूही तेवढेच घट्ट होतात. वनौषधींसाठीची मान्य मर्यादा दहा लाख भागांत शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भाग अशी आहे. डोळ्यांनी, वासाने किंवा चवीने यातले काहीही कळत नाही. ते प्रयोगशाळेतच मोजावे लागते.

औषधी गुणांबद्दलही मोकळेपणाने बोलायला हवे. बुरशीने वैद्यकाला फार मोठी देणगी दिली आहे. पेनिसिलिन तिचेच, अवयवरोपणानंतर दिले जाणारे सायक्लोस्पोरिन तिचेच, कोलेस्टेरॉल कमी करणारे लोव्हास्टॅटिनही तिचेच. पण यातले एकही औषध जंगलातून गोण्या भरून आणलेल्या बुरशीपासून बनत नाही. एकदा नमुना घेतला, जात पक्की ओळखली, आणि पुढे कवकजाल टाक्यांत वाढवले. रंगीत पट्ट्यांच्या ट्रॅमेटिस बुरशीपासून जपानने १९७० च्या दशकात केलेले क्रेस्टिन हे कर्करोगावरचे पूरक औषधही टाकीत वाढवलेल्या कवकजालापासूनच बनत असे. बुरशीच्या बाबतीत औषध आणि राखण यांचा मेळ बसतो तो याच वाटेने, आणि वनस्पतींपेक्षा तो इथे सोपा आहे, कारण बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यापासून सबंध कवकजाल वाढवता येते.

रेशीच्या भुकटीबद्दलचे दावे मात्र पुराव्यापेक्षा फार पुढे गेले आहेत. कर्करोगावरच्या चाचण्यांचा २०१२ मध्ये वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने आढावा घेतला, तेव्हा मुख्य उपचार म्हणून ती वापरावी असा पुरावा मिळाला नाही. नेहमीच्या उपचाराला जोड म्हणून विचार करता येईल, एवढेच त्यात म्हटले आहे. मधुमेह आणि हृदयविकाराच्या जोखमीवरचा २०१५ चा आढावाही तिच्या बाजूने गेला नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना ती घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, आणि शस्त्रक्रियेआधी ती घेत असल्याचे डॉक्टरांना सांगायलाच हवे. भुकटीमुळे यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. आपल्या माणसाचा चालू उपचार थांबवून कोणी त्याला भुकटीवर ठेवत असेल, तर ते कुटुंबीयांनी थांबवावे.

भुकटी घेणाऱ्यांसाठी घरी करता येईल अशी एक चाचणी आहे. बाजारातल्या अनेक पुड्यांत बुरशीचे फळ नसून धान्यावर वाढवलेले कवकजाल धान्यासकट दळलेले असते, म्हणजे पैसे मोजले बुरशीचे आणि मिळाला बराचसा स्टार्च. एक चमचा भुकटी कपभर पाण्यात पाच मिनिटे उकळावी, पूर्ण थंड होऊ द्यावी, गाळावी आणि त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकावेत. गडद निळा-काळा रंग आला तर धान्य आहे. पाणी गरम असताना थेंब टाकले तर रंग दिसत नाही आणि चाचणी फसते. फणसांब्याची ओळख पटवायला महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सोपी रीत आहे. गड्डा मोडून आतल्या तपकिरी गरावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या ३ ते ५ टक्के द्रावणाचा थेंब टाकला की तो भाग काळा पडून तसाच राहतो. त्यावरून पांढऱ्या गराच्या बुरशा बाजूला काढता येतात. मात्र गॅनोडर्माचा गरही काळवंडू शकतो, म्हणून शेवटचा निर्णय सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू पाहूनच करावा. दळून आणलेल्या मालाची अशी ओळख पटत नाही, आणि वैद्यांनी फणसांबा नेहमी अखंड घ्यावा तो यासाठीच.

विषारी छत्र्यांबद्दल थोडक्यात. चांदीचे नाणे काळे पडते, लसूण काळी पडते, किडा खातो ती चालते, या तिन्ही खुणा खोट्या आहेत. हिरवळीवर उगवणाऱ्या, पिकल्यावर पोटाखालच्या पट्ट्या हिरवट होणाऱ्या छत्रीने एक-दोन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. पण लक्षणे सहा तासांनंतर सुरू झाली तर ती अधिक भयंकर खूण आहे: काही ॲमनिटा छत्र्यांचे विष शिजवूनही जात नाही, मध्ये एक दिवस बरे वाटते आणि मग यकृत निकामी होते. उरलेली अळंबी कागदात गुंडाळून रोग्याबरोबर रुग्णालयात न्यावी.

रेशी हवीच असेल तर ती पिकवता येते, आणि नाशिकमध्ये ते अवघड नाही. हिमाचलातल्या सोलनच्या मशरूम संशोधन संचालनालयाने हिच्या लागवडीची पद्धत बसवली आहे. रुंद पानांच्या झाडांचा भुसा चार भाग आणि गव्हाचा कोंडा एक भाग, हे कोरड्या वजनाने. पाणी एकूण वजनाच्या ६५ टक्क्यांच्या आसपास. एक किलोच्या भरलेल्या पिशवीत साधारण २८० ग्रॅम भुसा, ७० ग्रॅम कोंडा आणि बाकीचे पाणी. मुठीत दाबल्यावर बोटांच्या फटीत एखाददुसरा थेंब दिसावा, धार लागू नये. वखारीतून भुसा आणताना प्लायवुडचा किंवा औषध मारलेल्या लाकडाचा नको, आणि देवदार-चीडचा राळ असलेलाही नको. पिशव्या १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाखाली दीड ते दोन तास निर्जंतुक कराव्या लागतात. नुसत्या उकळत्या पाण्यात बुडवून, जसे धिंगरी अळंबीसाठी पेंढा बुडवतात तसे, इथे भागत नाही, कारण ही बुरशी सावकाश वाढते आणि तेवढ्या वेळात ट्रायकोडर्मा ही हिरवी बुरशी पिशवी खाऊन टाकते. पिशवीच्या तोंडाचा कापसाचा बोळा ओला राहिला, पिशवीचा मध्यभाग नीट तापला नाही किंवा कोंडा जास्त पडला, की हिरवे डाग आलेच. डाग आलेली पिशवी खोलीत उघडू नये, तशीच बाहेर न्यावी.

बी टाकल्यावर सुमारे महिनाभर २८ ते ३२ अंशांत, अंधारात. पिशवी पांढरी झाली की तोंड उघडून उजेड आणि ९० टक्क्यांच्या वर दमटपणा. खोली कोंदट राहिली तर हरणाच्या शिंगांसारख्या लांब कांड्याच वाढत राहतात. छत्री पसरायला मोकळी हवा लागते. मग दमटपणा ८० टक्क्यांवर आणावा. छत्रीची पांढरी कडा नाहीशी होऊन सगळी तांबडी-तपकिरी झाली की कापणी. एका पिशवीतून ताजे ५० ते ८० ग्रॅम निघतात, म्हणजे धिंगरीच्या मानाने उत्पन्न थोडे आणि वाट पाहणे जास्त. हे शेतकऱ्याला आधीच सांगायला हवे. ३५ ते ४० अंशांवर वाळवून हवाबंद ठेवावे. कापणीच्या वेळी तपकिरी भुकटीसारखे बीजाणू उडतात, तेव्हा नाकातोंडाला मुसके बांधावे.

इथे नाशिककरांसाठी एक सूचना फार महत्त्वाची आहे. गॅनोडर्मा झाडांची मुळे कुजवणारी बुरशी आहे. वापरून झालेल्या पिशव्यांचा भुसा आंब्याच्या, नारळाच्या किंवा द्राक्षाच्या बुंध्याशी खत म्हणून टाकू नये. तो आधी ढीग करून पूर्ण तापू द्यावा किंवा जाळावा. बी शक्यतो आपल्याच भागातल्या बुरशीपासून केलेले असावे. अमेरिकेत आशियातून नेलेली पिवळी धिंगरी शेतातून निसटली आणि आता तिथल्या जंगलातल्या पडक्या लाकडावर पसरून तिथल्या मूळच्या बुरशांना जागा ठेवत नाही.

बेसुमार गोळा केल्यावर काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. उत्तराखंडच्या पिथोरागडकडच्या उंच कुरणांत मिळणारी किडाजडी, म्हणजे अळीच्या अंगावर वाढणारी औषधी बुरशी, २०२० मध्ये धोक्यातल्या जीवांच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत 'असुरक्षित' म्हणून नोंदली गेली. आपल्याकडे पिकवून विकली जाते ती नारिंगी कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस वेगळी. ती घेतल्याने हिमालयावर भार पडत नाही, पण तिला किडाजडी म्हणून विकणे फसवणूक आहे. मार्च २०२५ पर्यंत त्या लाल यादीत तपासलेल्या सुमारे १,३०० बुरशांपैकी निदान ४११ धोक्यात आढळल्या.

कायद्याच्या भाषेत बुरशीला घर नाही, ही या सगळ्याच्या मुळाशी असलेली अडचण आहे. १९६९ मध्ये व्हिटेकर यांनी बुरशीला वनस्पतींपासून वेगळी सृष्टी मानले आणि आज शाळेतली मुलेही ते शिकतात. पण २००६ च्या वनहक्क कायद्यातली गौण वनोपजाची व्याख्या 'वनस्पतिजन्य' या शब्दापासून सुरू होते. बांबू, मध, लाख, तेंदूपान, औषधी वनस्पती यांची नावे त्यात आहेत, अळंबीचे नाही. व्यवहारात ती 'आणि तत्सम' मध्ये धरली जाते, ते बरेच आहे. पण नाव नसले की नोंद होत नाही, आणि नोंद नसली की गोणीने माल नेणाऱ्याला कोणी अडवत नाही.

सुदैवाने नवा कायदा होईपर्यंत थांबायची गरज नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि व्यापारी कारणासाठी माल गोळा करणाऱ्याकडून तिला शुल्क घेता येते. गावातल्या वैद्याला त्याच्या परंपरागत वापरासाठी याचा त्रास होत नाही. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर हे तालुके आणि इगतपुरी, दिंडोरी, बागलाणचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथे ग्रामसभेच्या हाती त्याहूनही अधिक अधिकार आहेत. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांना तर जंगल राखण्याचा हक्कच कायद्याने दिला आहे.

यात घाई का, तर २०२७ चा सिंहस्थ. त्याची मुख्य स्नाने ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे बुरशीच्या ऐन हंगामात येतात. जडीबुटी विकणाऱ्यांची पाले त्र्यंबकेश्वरपासून तपोवनापर्यंत लागतील आणि ताज्या, रानातल्या मालाला तेव्हा मागणी असेल. अन्न व औषध प्रशासनाने आणि वन विभागाने आतापासून एक साधी अट घालावी: बुरशीचा कोणताही औषधी माल विकताना तो पिकवलेला की रानातला, कोणत्या झाडावरचा, कोणत्या गावचा आणि कोणत्या महिन्यातला, हे पुडीवर मराठीत लिहिलेले हवे. नाशिकमध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, मुक्त विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. ओळख पटवण्याची आणि रेशीच्या लागवडीची प्रशिक्षणे या दोघांनी मिळून घेतली, तर रानातल्या मालावरचा भार सिंहस्थाआधीच हलका करता येईल.

आणि गावांसाठी एक विनंती. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला अळंबीचा हंगाम चालू असतो, म्हणून त्याच दिवशी लोक जैवविविधता नोंदवहीत बुरशीसाठी वेगळे पान उघडावे. त्यात स्थानिक नाव, कोणत्या झाडावर किंवा वारुळावर, शिवारातली जागा, पहिल्यांदा दिसली ती तारीख आणि गावात तिचा वापर, एवढे पाच रकाने पुरतात. शेजारी मोबाइलवर काढलेली तीन छायाचित्रे जोडावीत: वरून, खालून आणि देठ किंवा खोडासकट. खालचे छायाचित्र नसेल तर तज्ज्ञालाही जात सांगता येत नाही. जागेचा रकाना मात्र बाहेरच्या माणसाला दाखवू नये. तो समितीकडेच राहावा, कारण जुन्या फणसांब्याचा पत्ता एकदा व्यापाऱ्याला मिळाला की ते खोड त्याच पावसाळ्यात मोकळे होते.

आपले नम्र,
वनस्पतिशास्त्राचे दोन शिक्षक आणि एक वैद्य,
नाशिक